साखरेखालचं मीठ

माझा मेहुणा लालासाहेब मोठा दिलदार माणूस होता, असं म्हणणारे फलटण तालुक्यात अजून पुष्कळ सापडतील. मी त्यांच्यातली नाही. त्यानं अर्जुनाच्या डोक्यात खोरं घातलं ते माझ्या बहिणीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते तिनं फक्त मला सांगितलं होतं.

अर्जुना म्हणजे लालासाहेबाचा चुलतभाऊ. कालव्याच्या पाण्याची पाळी कोणाची यावरून दोघांचं आदल्या दिवशीच वाजलं होतं. सकाळी अर्जुना वाकून पाटात माती टाकत होता, पाणी आपल्या उसाकडं वळवत होता. मागून लालासाहेब आला. हाक मारली नाही, शिवी दिली नाही, काही नाही. पहिल्या घावात अर्जुना गुडघ्यावर आला, दुसऱ्यात तोंडावर पडला. त्याचं रक्त पाटानं वाहत लालासाहेबाच्याच उसात गेलं. आजूबाजूला ऊस तोडणारी माणसं होती. सगळ्यांनी पाहिलं, आणि पोलीस आले तेव्हा कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. दगडावर पाय घसरला म्हणाले. न्याहारी घेऊन गेलेली माझी बहीण शालूबाई, तिलाही विचारलं. ती म्हणाली, "मी चुलीपाशी हुते."

अर्जुनाचा थोरला भाऊ नाथाजी. त्यानं कोणाला शिवीगाळ केली नाही की कोर्टाची पायरी चढली नाही. भावाला अग्नी दिल्यावर त्यानं पायातलं पायताण काढलं आणि चितेत फेकलं. "ह्याचं उट्टं काढल्याबिगर पायात घालायचं न्हाई," एवढंच बोलला. वर्षभर तो माणूस तोडलेल्या उसाच्या सडावरून अनवाणी चालला. पाय फाटून रक्ताळले तरी चालला. पानाच्या टपरीवर कुणीतरी त्याला विचारलं, तेव्हा त्यानं सरळ सांगून टाकलं होतं, "लालादादाला मारून काय उपेग? त्याला जिता ठेवायचा. भावाच्या जागी पोरगा जाईल."

पोरगा म्हणजे मानसिंग, माझ्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक. तो तेव्हा डेहराडूनला अफसरीच्या ट्रेनिंगात होता, म्हणून अक्काला रात्री झोप तरी लागत होती. एकाहत्तरची लढाई होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. हिवाळ्यात मानसिंग खांद्यावर तारा लावून लोणंद स्टेशनावर उतरला, आणि अक्काची झोप गेली ती गेलीच.

लालासाहेब सुभेदार म्हणून रिटायर झालेला. जन्मभर साहेबांना सलाम ठोकले, आता घरातच साहेब आला. त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. जेवणावळ नको म्हणाला, पार्टी पाहिजे. साताऱ्याहून मानसिंगचे मित्र, दोन-तीन रिटायर अफसर, कारखान्याची मंडळी, सगळ्यांना बोलावणं गेलं. आणि नाथाजीलाही.

"आवं, त्याला कशाला?" अक्का म्हणाली.

"भावकी हाय. फेटा चुलत्यानंच बांधायचा असतोय. येऊ दे, बघू दे माझं पोरगं."

"तो अजून अनवाणी फिरतोय. तुमाला ठाव न्हाई व्हय?"

हातातला तांब्या त्यानं तिथूनच भिरकावला. अक्काच्या भुवईवर लागला. मी साताऱ्याहून पोचले तेव्हा ती भुवईवर हळद दाबून मैदा चाळत होती.

मी साताऱ्यात मास्तरीण होते. अक्कानं मला कॅम्पातल्या दुकानातून चीजचे डबे आणायला सांगितलं होतं. बेळगावला फौजेच्या क्वार्टरमध्ये असताना एका मेजरच्या बायकोनं तिला पफ करायला शिकवलं होतं, आणि लालासाहेबाला पार्टीत तेच पाहिजे होते. भजी-चिवडा कोणीही करतं, म्हणे.

"लय सोपं असतंय गं," अक्का म्हणाली. "मेमसायब म्हणायची, लोणी तेवढं गार पायजे आन् हात तेवढा हलका."

लोणी तिनं कळशीत घालून रात्रभर विहिरीत सोडलं होतं. आता त्याचे सुरीनं बारीक तुकडे करून तिनं ते मीठ घातलेल्या मैद्यात टाकले. मळले नाहीत, नुसते बोटांनी मैद्यात लोळवले. माठातलं गार पाणी शिंपडून गोळा केला, पोळपाटावर लांबट लाटला, तीन पदरी घडी घातली, ओल्या फडक्याखाली ठेवला. थोड्या वेळानं आडवा करून पुन्हा लाटला, पुन्हा घडी घातली. असं तीन-चारदा. लोणी पिठात विरता कामा नये, पदरापदरात तसंच राहिलं पाहिजे, म्हणजे भट्टीत गेल्यावर पदर सुटतात. मी लाटायला लागले की ती माझ्या हातावर चापट मारायची. "दाबू नगंस. ती भाकरी न्हाई."

भट्टी म्हणजे लालासाहेबाची फौजेतली लोखंडी ट्रंक. पडवीत तीन दगडांवर ट्रंक ठेवलेली, खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि झाकण उचलायला एक हातभर लांब लोखंडी सळई. चीज किसणीवर किसून त्यात मिरपूड आणि हिरवी मिरची घालायची, लाटीच्या चौकोनात भरायची, दुमडून कडा काट्यानं दाबायच्या. चीज पाहून शेजारच्या बाया हसल्या होत्या. एक म्हणाली, "साबणाच्या करंज्या करतीया." मी एक तुकडा तिच्या तोंडात घातला तर ती थूथू करत म्हणाली, "आगं माझे आई, किती खारट!"

अक्का तेव्हा हसली होती. आठवडाभरात तेवढंच.

एक गोष्ट आमच्या भागातल्या माणसाला सांगावी लागत नाही, पण बाहेरच्याला सांगते. ज्याच्या घरचं मीठ पोटात गेलं, त्याच्या घरातल्या माणसावर हात टाकायचा नाही. आणि ज्यानं मीठ वाढलं त्यानंही खाणाऱ्यावर टाकायचा नाही. दरोडेखोर पाळत होते, भांडणारी भावकी पाळत होती. वैऱ्याच्या घरी जाण्याची वेळ आलीच तर माणूस गूळ खातो, चहा पितो, पेढा घेतो. भाजी-भाकरीला शिवत नाही. शिवला तर भांडण मिटलं असं समजायचं.

दुपार उतरली तशी माणसं जमली. मांडवात शाळेतून आणलेल्या खुर्च्या, मधोमध मानसिंग युनिफॉर्ममध्ये. बावीस वर्षांचा पोरगा, मिशी अजून पुरती जाड व्हायची होती. लालासाहेब प्रत्येकाला हाताला धरून त्याच्याकडं नेत होता. "ह्ये आमचं लेफ्टनंट," म्हणत होता. कारखान्याचं कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारत होतं. त्याच हातानं वर्षापूर्वी काय केलं ते त्या मांडवातल्या निम्म्या माणसांना माहीत होतं, आणि तेच त्याच्या हातचा चहा घेत होते. मला किळस आली.

नाथाजी आला. पांढरं धोतर, खांद्यावर घोंगडं, हातात नवाकोरा फेटा. तो थेट मानसिंगपाशी गेला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लालासाहेबाला म्हणाला, "दादा, झालं गेलं सोडून द्या." टाळ्याच वाजायच्या राहिल्या. लालासाहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र नाथाजीच्या पायांकडं पाहिलं. टाचा चिरलेल्या, बोटांत माती. पायताण नव्हतं.

त्यानं पेढा घेतला. चहा घेतला. भज्यांची बशी आली तर हात आडवा केला. चिवडा आला, "दात दुखतोय," म्हणाला. पफाचं ताट आलं, वास सुटलेला, वरचे पदर खरपूस तांबूस झालेले. एक रिटायर अफसर दोन-दोन उचलत होता. नाथाजीनं मान हलवली.

पडवीच्या दारातून अक्का हे सगळं पाहत होती. तिनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी पिचली.

"हरणे, त्यो मीठ घेईना."

"दाजींना सांगू?"

"त्यांला सांगितलं तर ह्ये आत्ताच त्याचा मुडदा पाडतील. मानसिंगला सांगितलं तर त्यो बी ह्यांचंच रगात." तिची नजर नाथाजीच्या घोंगड्यावर होती. जानेवारीतली दुपार, ऊन चांगलंच होतं, तरी त्यानं घोंगडं खांद्यावरून काढलं नव्हतं. "फेटा बांधताना त्यो पोराच्या मागं हुबा ऱ्हाणार. पोराची मान त्याच्या हातात."

अक्कानं पोळपाटावर उरलेली लाटी ओढली. चीज भरलं, मूठभर भरलं, मिरची घातली नाही. कडा दाबल्या. वरून दूध लावलं आणि साखर पेरली, जाडसर, भरपूर. सळईनं ट्रंकेचं झाकण उचललं, पफ आत ठेवले, निखारे वर ओढले. निखारा तिच्या पायावर पडला तरी तिनं पाय हलवला नाही. मांडवात लालासाहेब ओरडत होता, "चला, आता फेट्याचा कारेक्रम!"

"मांडवात जाऊन काय बी बोल," अक्का मला म्हणाली. "येळ काढ."

मी गेले आणि भाषण ठोकलं. मास्तरीण होते, तेवढं येत होतं. मानसिंग लहानपणी कसा होता, पाढे कसे म्हणायचा, काय वाटेल ते बोलले. लोक कंटाळले, लालासाहेब डोळे वटारायला लागला. नाथाजी फेट्याची घडी उलगडून मानसिंगच्या मागं जाऊन उभा राहिला होता. त्याचा डावा हात फेट्यावर होता आणि उजवा घोंगड्याखाली. मी बोलत राहिले.

अक्का बशी घेऊन आली. पफ फुगून गरम, वर साखर वितळून चकाकत होती. ती सरळ नाथाजीपुढं उभी राहिली.

"भावजी, त्वांड ग्वाड करा, मग फेटा बांधा."

"वैनी, दात दुखतोय."

"ग्वाड हाय. मऊ हाय. मेमसायबाचं पक्वान्न, तुमच्यासाठनं येगळं केलंय. आत खवा हाय."

नाथाजीनं बशीकडं पाहिलं. साखर दिसत होती. इतक्या माणसांत वहिनी बशी धरून उभी, पेढा खाल्लेला माणूस हे का खात नाही असं कोणालाही वाटलं असतं. त्यानं उजवा हात घोंगड्याखालून बाहेर काढला, पफ उचलला आणि अर्धा तोंडात घातला.

आधी साखर लागली असावी. दोनदा चावला. मग त्याचा जबडा थांबला. चीजची तार ओठापासून हातातल्या तुकड्यापर्यंत लोंबत राहिली. त्याचे डोळे अक्काकडं वळले आणि ते डोळे मी आजतागायत विसरलेले नाही. गळ्यात घाव बसलेल्या जनावराचे असतात तसे.

"मीठ हाय, भावजी," अक्का हळूच म्हणाली. "माझ्या घरचं."

तो थुंकू शकला असता. मी मनातल्या मनात तेवढंच म्हणत होते, थुंकू नकोस, थुंकू नकोस. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. त्यानं गिळलं. मग हातातला उरलेला तुकडाही खाल्ला, बोटं धोतराला पुसली. एवढ्या थोड्या वेळात तो माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला.

"वैनी," तो म्हणाला, "लय मोठा दगा केलासा."

आणि त्यानं फेटा बांधला. दोन्ही हातांनी, सावकाश, एकेक पीळ नीट बसवून. मानसिंगच्या मानेपाशी त्याची बोटं यायची तेव्हा अक्का डोळे मिटायची. शेवटी त्यानं तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला. टाळ्या वाजल्या. मानसिंग उठून त्याच्या पाया पडला, त्या फाटलेल्या, मातीच्या पायांवर. नाथाजीनं त्याला उठवलं आणि तोंड फिरवलं.

माझी बहीण जिंकली होती. मला तिला तिथंच मिठी मारावीशी वाटली.

आम्ही दोघी पडवीत आलो, आमच्या मागोमाग नाथाजी आला. त्यानं घोंगडं बाजूला केलं. आत ऊस तोडायचा कोयता होता, धार लावून पांढरा झालेला. मी किंचाळणार होते, पण त्यानं तो फळीवर, सांडलेल्या मैद्यात, ठेवून दिला.

"ह्यो घ्या. घरी न्हेला तर पुन्यांदा हातात यील. माझ्या अर्जुनाला मी काय सांगू, वैनी? साखर बघून फसलो म्हणून सांगू?" आणि तो ढसाढसा रडायला लागला. वर्षभर न रडलेलं रडला. अक्कानं पदर तोंडात धरला.

लालासाहेब पडवीच्या दारात आला तो याच वेळी. आणखी पफ कुठं आहेत विचारायला आला होता. त्यानं नाथाजीला पाहिलं, फळीवरचा कोयता पाहिला. दुसरं त्याला काही दिसलं नाही. ट्रंकेवरची सळई त्यानं उचलली. टोक निखाऱ्यात राहून लाल झालेलं होतं. पहिला घाव नाथाजीच्या कानशिलावर बसला, चर्र आवाज झाला आणि केस जळल्याचा वास आला. नाथाजी गुडघ्यावर कोसळला.

"आवं, त्यानं मीठ खाल्लंय!" अक्का ओरडली. मांडवापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. "माझ्या हातचं मीठ खाल्लंय! कोयता त्यानंच ठेवलाय!"

लालासाहेब थांबला. हे मी शपथेवर सांगेन, तो थांबला होता. त्यानं ऐकलं होतं. त्यानं बायकोकडं पाहिलं, मैद्यातल्या कोयत्याकडं पाहिलं. नाथाजीनं दोन्ही रिकामे हात वर केले होते. एका हाताच्या बोटांना अजून साखर चिकटलेली होती.

"मिठाला कोण इचारतंय," लालासाहेब म्हणाला आणि त्यानं पुन्हा सळई घातली. मग पुन्हा. अक्का त्याच्या हाताला लोंबकळली, त्यानं तिला झटकून ट्रंकेवर पाडलं. झाकण उलटलं, निखारे पडवीभर उडाले. मी त्याच्या दंडाला कडकडून चावले, त्याला समजलंही नाही. मानसिंग धावत आला आणि त्यानं बापाला मागून कवेत धरून उचललं, तोवर नाथाजीचं डोकं डोकं राहिलं नव्हतं. मैदा लाल झाला होता. मानसिंगच्या डोक्यावर त्याच माणसानं बांधलेला फेटा होता.

पोलीस आले तेव्हा मांडवात कोणी नव्हतं. अफसर गेले, कारखान्याची मंडळी गेली, खुर्च्या उलट्यापालट्या पडल्या होत्या. लालासाहेबाचं सगळं ठरलं होतं. "कोयता घिऊन माझ्या बायकोच्या अंगावर आला," तो फौजदाराला म्हणाला. "जीव वाचवायला मारला. इचारा तिला."

फौजदार अक्काकडं वळला. मानसिंग तिच्या शेजारी उभा होता. बाप सुटला तर पोराची अब्रू वाचणार होती, हे तिलाही कळत होतं. लालासाहेब तिच्याकडं बघत होता, निर्धास्त. वर्षापूर्वी ती चुलीपाशी होती. आताही तिनं तेवढंच म्हणायचं होतं.

"कोयता फळीवर हुता," अक्का म्हणाली. "त्याचं हात रिकामं हुतं. मी सांगितलं की त्यानं मीठ खाल्लंय. ह्यांनी ऐकलं, आन् मारलं." मग दम खाऊन म्हणाली, "अर्जुनाला बी ह्यांनीच मारलं. मी बघितलंय."

मीही पुढं होऊन तेच सांगितलं. लालासाहेबानं जाता जाता बायकोला जी शिवी दिली ती मी लिहिणार नाही. मानसिंगनं फेटा उतरवला आणि छातीशी धरून पडवीच्या पायरीवर बसला.

नाथाजीची बायको भामाबाई तेराव्यानंतर आली. बरोबर तिची दोन पोरं, डोकी भादरलेली. लोक बाजूला झाले, मला वाटलं आता ही शिव्याशाप देणार. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"जाऊबाई, त्यांनी खरंच खाल्लं हुतं?"

"व्हय."

"कळल्यावर थुकलं न्हाई?"

"न्हाई. उरलेलं बी खाल्लं."

भामाबाईनं पोरांना पुढं ढकललं. "ह्यास्नी मीठ द्या. थोरली झाल्यावर लोक ह्यांच्या हातात कोयता देत्याल. आत्ताच खाऊ दे."

अक्कानं मिठाची बरणी आणली. निम्मं मीठ उंबऱ्यावर सांडलं. पोरांनी तळहात पुढं केले, चाटलं, तोंडं वाकडी केली. मानसिंग भिंतीला टेकून बघत होता आणि रडत होता. आता त्याच्यावर हात टाकणारं कोणी राहिलं नाही. ज्यासाठी अक्कानं साखर पेरली होती ते तिला मिळालं होतं.

अक्कानं आणखी एक चिमूट काढली आणि भामाबाईपुढं धरली.

"मला नगं," भामाबाई म्हणाली. पोरांचे हात धरले, आणि वळून निघाली. चार पावलांवर थांबून, मागं न पाहता म्हणाली, "माझा राग मला ऱ्हाऊ द्या."

तिच्याही पायात पायताण नव्हतं. अक्का ती चिमूट तशीच मुठीत धरून दारात उभी राहिली, आणि मूठ कुठं सोडावी हे तिला कळेना.